सगळ्यांचं नाटक: वस्तीतल्या मुलामुलींबरोबर पहिलं नाटक उभं करताना

वस्तीतल्या, चाळीतल्या किंवा गावातल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना घेऊन नाटक करावं असं मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. नाट्यशास्त्राची पदवी लागत नाही. आठवड्यातले तीन दिवस, तीन-चार महिन्यांची चिकाटी आणि जी मुलं आपणहून येणार नाहीत त्यांच्या दारापर्यंत जायची तयारी, एवढं लागतं.

कोण नाटकात आलं आणि कोण बाहेर राहिलं, हे भूमिका वाटायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. तालीम कुठे आणि किती वाजता घ्यायची, नाटक कोणाच्या गोष्टीतून उभं करायचं, हे ठरलं त्या दिवशीच काही मुलं गळतात, आणि ती गळली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून इथे अभिनयाबद्दल कमी आणि त्याआधीच्या कामाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आपल्याकडे मुलांच्या नाटकाची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. रत्नाकर मतकरींनी अनेक वर्षं बालनाट्यं लिहिली आणि रंगमंचावर आणली. ऐंशीच्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात रुजवली. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांचे रोजचे प्रश्न मुलांच्या नजरेने मांडतात. पुढे मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे वस्त्यांमधली मुलं स्वतः विषय निवडतात, स्वतः नाटिका बांधतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करतात. लेखक, दिग्दर्शक, नट सगळं तीच. आपल्याला जायचंय ती वाट ही आहे, आणि मला स्वतःला मराठी रंगभूमीवरचं हे फार मोलाचं काम वाटतं.

गट जमवणं

ऑडिशन घेऊ नका. नोटीस लावून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरवून जी मुलं येतात ती बहुतेक गॅदरिंगमध्ये आधीच नाचलेली, बोलकी, घरून मोकळीक असलेली असतात. त्यांना घ्याच. पण बाकीच्यांसाठी पहिले दोन आठवडे पायपीट करावी लागते.

विचारायचं कोणाला? अंगणवाडीताई आणि आशाताई यांना कोणत्या घरात शाळा सुटलेलं मूल आहे, कोणाची मुलगी दिवसभर घरातच असते, हे नेमकं ठाऊक असतं. बचत गटाच्या बैठकीला जाऊन पाच मिनिटं मागून घ्या; आया तिथे एकत्र भेटतात. रात्रशाळा, गॅरेज, बांधकामाच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या, मूकबधिर विद्यालय, उर्दू शाळा अशी सगळीकडे एक फेरी मारा. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. परिसरातल्या दिव्यांग मुलांच्या घरी त्यांचं जाणं-येणं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, म्हणजे व्हीलचेअर आणि पांढरी काठी याच्या पलीकडचीही बरीच मुलं आहेत: स्वमग्न (ऑटिझम असलेली), अध्ययन अक्षम, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार असलेली, वाचा-भाषेचं दिव्यांगत्व असलेली. विदर्भात, नंदुरबारकडे काम करणार असाल तर सिकलसेलची मुलं गटात असतीलच असं धरून चाला. थंडीत दुखणं वाढतं, पाणी सतत लागतं, मध्ये विश्रांती लागते.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “याला काय जमणार?” किंवा “हिला कशाला?” वाद घालू नका. “दोन दिवस तुम्हीही येऊन बसा, मग ठरवा,” एवढं सांगा आणि खरोखर बसायला खुर्ची ठेवा. मुलीच्या घरी भाऊ किंवा वडील विचारतील, किती वाजता सोडणार, बरोबर कोण असणार. त्याचं उत्तर तयार ठेवूनच जा. ‘बघू, जमेल तसं’ म्हटलंत की विषय तिथेच संपतो.

गट पंधराच्या आसपास असावा. वीसच्या वर गेला तर दोन गट करा. आणि एक अट मी कटाक्षाने पाळते: गटात दिव्यांग मूल एकटं असू देत नाही. एकटं असलं की बाकीचे त्याची काळजी घेण्यात दंग होतात आणि ते मूल पाहुणं होऊन बसतं. दोघं-तिघं असले की ती गटातली मुलं होतात, भांडतात, हट्ट करतात, एकमेकांना गप्प करतात. हेच एखाद्या वेगळ्या भाषेच्या किंवा वेगळ्या समाजाच्या मुलीबाबतही खरं आहे.

जागा आणि वेळ

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

फुकट मिळते म्हणून जागा घेऊ नका. देवळाचा सभामंडप, बुद्धविहार, मशिदीजवळचा हॉल, एखाद्या मंडळाची किंवा पक्षाची शाखा, प्रत्येक जागेला वस्तीत एक ओळख असते. कोणत्या घरातली मुलं कोणत्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत, किंवा त्यांना टाकू दिलं जात नाही, हे विचारलं तरी कोणी तोंडावर सांगणार नाही. दोन-तीन मुलांच्या आयांशी स्वतंत्र बोलून हे समजून घ्या. महापालिकेच्या शाळेचा वर्ग सुट्टीनंतर मिळाला तर सगळ्यांत बरा, कारण तिथे सगळ्यांचाच हक्क असतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, शिपाईमामांना भेटा आणि किल्ली कोण आणणार, दिवे कोण बंद करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

जागा ठरवण्याआधी गटातल्या सगळ्यांत लांब राहणाऱ्या मुलीच्या घरापर्यंत चालत जा, आणि तेही तालीम सुटेल त्या वेळेला. रस्त्यावर दिवे आहेत का, कोपऱ्यावर टोळकं बसतं का, कुत्री आहेत का. दिवसा पाहिलेला रस्ता आणि संध्याकाळी साडेसातचा रस्ता यांत फरक असतो.

मग जागेच्या आत पाहा. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? पाणी येतं का? मासिक पाळीच्या दिवसांत मुली तालमीला न येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं; एका कोपऱ्यात पॅड, जुने कागद आणि झाकणाचा डबा ठेवला आणि पहिल्याच दिवशी मुलींना तो दाखवून दिला तर गैरहजेरी कमी होते. दाराची रुंदी टेपने मोजा, व्हीलचेअर सहज जायला तीन फूट हवी. पायऱ्या असतील तर उताराचं गणित सोपं आहे: जितकी उंची, त्याच्या बारापट लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा उतार. याहून उभा उतार केला तर मुलाला स्वतःच्या हातांनी चढता येत नाही, कोणीतरी मागून ढकलावं लागतं, आणि मग तो रोज कोणाची तरी वाट पाहत दाराशी थांबतो. वस्तीतल्या सुताराकडून जाड प्लायवूडचा, खाली आधार दिलेला उतार करून घ्या. तो प्रयोगालाही उपयोगी पडतो.

वेळेचं काय? संध्याकाळी पाच ही तालमीची नेहमीची वेळ. पण ज्या वस्तीत पाण्याचा टँकर पाचला येतो तिथे ती वेळ ठेवली तर मुली येणार नाहीत. मोठ्या मुलांची गॅरेजची, दुकानाची, डिलिव्हरीची कामं असतात. त्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारा. एक मोठा कागद घ्या, सात दिवसांचे रकाने आखा आणि प्रत्येक मुलाला आपला दिवस रंगवायला लावा: शाळा, पाणी, धाकट्या भावंडांना सांभाळणं, काम, क्लास, नमाज, थेरपी. रंगवून झालं की पांढरे राहिलेले तुकडे दिसतात. ते फार थोडे असतात. तालीम तिथेच बसवायची.

वर्षाचा विचारही करा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. रमजानमध्ये संध्याकाळची तालीम रोजा सोडण्याच्या वेळेआधी संपवा. गणपतीत अर्धा गट ढोल-ताशा पथकात असतो. आणि बीड, अहिल्यानगर, जालना या भागांत असाल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्या मुलांना सामावून घ्यायचं असेल तर नाटक उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर करायला हवं. नोव्हेंबरात सुरू करून ‘ती मुलं टिकत नाहीत’ असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

खाणं ठेवाच. पोहे, उसळ-पाव, केळी, शेंगदाण्याचा लाडू, काहीही. पण पोटभर हवं, कारण काही जण शाळेतून किंवा कामावरून थेट आलेले असतात. खर्चाचं अंदाजपत्रक करताना पहिल्या दोन ओळी खाण्याच्या आणि रिक्षाभाड्याच्या लिहा, नेपथ्य शेवटी.

सुरक्षितता आणि संमती

तालमीत कायम दोन मोठी माणसं असावीत, त्यांतली एक बाई. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, वैयक्तिक चॅट करायचं नाही. निरोप ग्रुपवर, ज्यात पालकही आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नाटकाच्या कामात मुलं मनातलं बोलतात, त्यामुळे ही वेळ येऊ शकते. म्हणून “तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही” असं वचन कधी देऊ नका. “तुला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल, पण तुला सांगून, तुझ्यासमोर बोलवेन,” असं सुरुवातीलाच सांगून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. जवळचा समुपदेशक कोण, याची चौकशी आधीच करून ठेवा.

संमतिपत्र मराठी-हिंदी-उर्दू, ज्या भाषा गटात असतील त्यांत करा. पालकांची सही घ्या आणि मुलांनाही वेगळं विचारा. फोटो-व्हिडिओची परवानगी वेगळ्या रकान्यात घ्या. घरातून निघून आलेली, निवारागृहात राहणारी मुलं गटात असतील तर त्यांचा चेहरा कुठेही जाता कामा नये.

पहिले पंधरा दिवस: फक्त खेळ

संहिता नाही, पात्रं नाहीत. गोलात बसायचं आणि खेळायचं. सतरंजीवर बसता येत नसेल तर सगळेच खुर्च्यांवर बसतात. एक जण खुर्चीवर आणि बाकीचे खाली, असं नको.

सुरुवात नावांनी. प्रत्येक जण आपलं नाव घेतो आणि त्याबरोबर अंगाने एक खूण करतो, बाकीचे ती खूण परत करतात. आमच्या एका गटात ऐकू न येणारी एक मुलगी होती. दोन फेऱ्या तिने नुसत्या पाहिल्या. तिसऱ्या फेरीला ती उठली आणि आमच्या खुणा मोडीत काढून प्रत्येकाला तिने नवं नाव दिलं: एकाला कपाळावरच्या व्रणावरून, एकीला वेणीच्या झटक्यावरून, मला चष्मा वर सरकवायच्या सवयीवरून. शेवटपर्यंत गटात तीच नावं चालली. त्या दिवसापासून ती गटाची शिक्षिका झाली. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने ऑनलाइन दिला आहे, त्यातून रोज पाच खुणा सगळ्यांनी शिकायच्या. ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘पाणी’, ‘मला त्रास होतोय’, ‘मस्त’. तालमीला आधी लागतात त्या या.

गटाला शांत करण्यासाठी ओरडू नका. हात वर करायचा, ज्याला दिसेल त्यानेही वर करायचा. लाकडी फळ्यांची जमीन असेल तर पाय आपटल्यावर तिची थरथर ऐकू न येणाऱ्या मुलांनाही कळते; सिमेंटच्या जमिनीवर ते होत नाही, तिथे दिवा एकदा बंद-चालू करा. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलासाठी हात वर करताना एक टाळीही वाजवायची. सगळ्यांचं सगळं भागवणारी एकच खूण मिळत नाही, दोन-तीन एकत्र वापराव्या लागतात.

स्पर्शाचे खेळ जपून घ्या. मुलगे-मुली एकमेकांचा हात धरायला तयार नसतील तर ओढणी, दोरी किंवा काठीची दोन टोकं धरायला द्या. तोच खेळ तितकाच रंगतो. स्वमग्न मुलाला अचानक केलेला स्पर्श किंवा मोठा आवाज सहन होत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात चटई आणि उशी टाकून ‘शांत कोपरा’ करा, आणि तिथे कोणीही, केव्हाही, न विचारता जाऊन बसू शकतं असं ठरवा. पहिल्या आठवड्यात तिथे सगळेच जाऊन बघतात. नंतर ज्याला गरज तोच जातो, आणि कोणी मागे वळून पाहत नाही.

या दिवसांत एक व्यायाम नक्की घ्या: पुतळे. चौघांनी मिळून शरीराने एक चित्र उभं करायचं, शब्द न वापरता. ‘आमची गल्ली’, ‘दवाखान्यातली रांग’, ‘घरात पाहुणे आले’. बोलण्यात मागे असणारी मुलं इथे पुढे येतात. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी दडपलेल्या माणसांच्या रंगभूमीसाठी जी साधनं घडवली, त्यांत हे मूकचित्र फार कामाचं आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या बंगालमधल्या ‘जन संस्कृती’ या नाट्यगटाने पुढे बोआल यांची पद्धत खेडोपाडी नेली. साधन, पैसा, वीज काहीच नसताना ती चालते.

नाटकाची गोष्ट शोधणं

“तुमच्या समस्या सांगा” असं विचारलंत की मुलं तुम्हाला हवी ती उत्तरं देतात: व्यसनमुक्ती, मुलगी शिकली प्रगती झाली, झाडे लावा. शाळेतल्या भाषणांतून आलेलं ते असतं. प्रश्न लहान आणि ताजा हवा. “गेल्या आठवड्यात राग कधी आला?” “कोणती जागा आहे जिथे तुम्ही गेलात की आवाज खाली येतो?” “घरातला फोन कोणाच्या हातात किती वेळ असतो?”

असाच राग विचारल्यावर एका मुलाने औषधाच्या दुकानातला प्रसंग सांगितला. तो व्हीलचेअर वापरतो. पैसे त्याच्या हातात, चिठ्ठी त्याच्या हातात, आणि काउंटरमागचा माणूस त्याच्या बहिणीला विचारतो, “याला काय पाहिजे?” आम्ही तो प्रसंग करून पाहिला. त्याने स्वतःचं काम स्वतः केलं नाही. दुकानदार तो झाला आणि काउंटर म्हणून दोन बाकडी त्याने इतकी उंच रचली की मागे त्याचा नुसता आवाज राहिला. गिऱ्हाईक झाले धडधाकट मुलगे. त्यांना मान वर करून बोलावं लागलं आणि तो बोलला फक्त त्यांच्या बहिणींशी. चार मिनिटांचा तो तुकडा पुढे नाटकाचा पहिला प्रवेश झाला. मी काहीही सुचवलं नव्हतं.

गोष्टी गोळा करताना एक नियम मोडू नका: कोणाचंही दुःख जसंच्या तसं, त्याच्याच तोंडून रंगमंचावर आणायचं नाही. तीन-चार जणांचे अनुभव एकत्र करायचे, नावं-गावं बदलायची, आणि ज्याचा अनुभव आहे त्याने ते पात्र करायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्यायचं. प्रयोगाला शेजारपाजार बसलेला असतो. मुलगी रंगमंचावर रडली म्हणून टाळ्या पडतात, पण दुसऱ्या दिवशी नळावर तिला कोण काय बोलेल याचा विचार आपण करायचा असतो.

संहिता

मुलांनी प्रसंग उत्स्फूर्तपणे करायचा, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा, घरी जाऊन ऐकायचं, आणि त्यांनीच वापरलेली वाक्यं कागदावर उतरवायची. तुमचं काम कापण्याचं आहे, सुंदर वाक्यं घालण्याचं नाही. चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका.

भाषा शुद्ध करू नका. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, दखनी, बांधकामावरच्या मुलांची कन्नड-तेलुगू मिश्रित हिंदी, आणि सांकेतिक भाषा, हे सगळं एका नाटकात नांदू शकतं. प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळायची गरज नाही. दुसरं पात्र उत्तर देताना अर्थ आपोआप उलगडतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा रंगमंचाच्या कडेला उभा करण्यापेक्षा त्याला पात्रच करा: बहीण, सूत्रधार, पोस्टमन. मग प्रेक्षकाची नजर दोन ठिकाणी फाटत नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकाच्या वाक्यांची ऑडिओ फाइल करा. न दिसणाऱ्या मुलांनाही तीच लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला लांब संवाद न देता ठराविक कृती द्या, जिच्याशिवाय गोष्ट पुढेच सरकणार नाही. दुकानाचं शटर त्याने उघडल्याशिवाय प्रवेश सुरू होत नाही, असं काही. नावापुरतं झाड करून कोपऱ्यात उभं करणं हा त्याचा अपमान आहे.

भूमिका वाटताना व्हीलचेअरवरच्या मुलाला फक्त व्हीलचेअरवरचाच मुलगा करायला देऊ नका. त्याला इन्स्पेक्टर करा, प्रियकर करा, खलनायक करा. दयेला पात्र होणारं आणि शेवटी सगळ्यांना प्रेरणा देणारं दिव्यांग पात्र आपल्या नाटक-सिनेमांत पुरेसं येऊन गेलं आहे. प्रत्येक मोठ्या भूमिकेला दोन जण तयार ठेवा. आजारपण, कामावरची पाळी, गावाला जाणं, हे होतंच. आणि एक जण नाही म्हणून प्रयोग अडला की त्या मुलावर फार ओझं येतं. प्रकाश, ध्वनी, कपडे, हलगी-ढोलकी सांभाळणाऱ्यांना तालमीच्या पहिल्या दिवसापासून निर्णयात घ्या.

जागेची रचना आणि तालमी

उंच स्टेज नको. जमिनीवर खेळा, तीन बाजूंना प्रेक्षक. रंगमंचावर चढायला उतार लागत नाही, पडण्याची भीती नाही, आणि ऐकू कमी येणाऱ्यांना ओठ जवळून दिसतात. न दिसणाऱ्या नटासाठी खेळण्याच्या जागेच्या कडेने जमिनीवर काथ्याची दोरी रुंद चिकटपट्टीने घट्ट बसवा. अनवाणी पायाला ती कळते, आणि पुढे गेलं की प्रेक्षक, हे समजतं. प्रवेशाच्या जागी दोरीला एक गाठ. व्हीलचेअरच्या वाटेत मात्र दोरी नको. नेपथ्याच्या वस्तू एकदा ठेवल्या की वीतभरही हलवायच्या नाहीत, हे सगळ्यांना बजावून ठेवा.

लुकलुकणारे झगमगते दिवे अजिबात वापरू नका, अपस्माराचा झटका येऊ शकतो. फटाके, अचानक अंधार हेही टाळा. दोन एलईडी फ्लड लाइट पुरेसे आहेत, किंवा सरळ संध्याकाळी पाचच्या उजेडात प्रयोग करा.

तालीम दीड-दोन तासांची, मध्ये सुट्टी. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या घरच्यांसमोर एक रंगीत तालीम करा. घरच्यांना काही खटकणार असेल तर ते गर्दीसमोर कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

परवानग्या

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वेळ लागतो, त्यामुळे संहिता पक्की झाली की लगेच पाठवा. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्राचे नियम लागू असू शकतात. मैदान पालिकेचं असेल तर प्रभाग कार्यालयात अर्ज. वीज शेजारच्या घरातून घेणार असाल तर त्या घरचं बिल आधी भरून द्या.

प्रयोगाचा दिवस

प्रेक्षकांत व्हीलचेअरसाठी जागा पुढे आणि कडेला अशा दोन्हींकडे सोडा. लहान मूल रडलं, कोणी मध्येच उठलं, कोणी आवाज केला तरी चालेल, हे सुरुवातीलाच जाहीर करा. स्वमग्न मुलांच्या आया हे ऐकून पहिल्यांदा मोकळ्या बसतात. सुरू होण्यापूर्वी एका मुलाने रंगमंचाचं वर्णन करावं: डावीकडे नळ, मागे दुकान, मी निळा शर्ट घातलाय. न दिसणाऱ्या प्रेक्षकाला चित्र मिळतं आणि बाकीच्यांचंही लक्ष लागतं.

मान्यवर बोलवायचेच असतील तर त्यांना प्रेक्षकांत बसवा. शाल-श्रीफळ आणि भाषणं आधी झाली की मुलांचा अर्धा जीव जातो, आणि नळाच्या वेळेमुळे अर्धा प्रेक्षकही.

नाटक संपल्यावर लगेच पांगू देऊ नका. बोआल यांची फोरम थिएटरची पद्धत इथे वापरून पाहा. ज्या प्रवेशात पात्राला अन्याय सोसावा लागला, तो प्रवेश पुन्हा सुरू करायचा, आणि ज्याला वाटतं की मी असतो तर वेगळं केलं असतं, त्याने उठून त्या पात्राची जागा घ्यायची. दुकानाच्या प्रवेशात एक आजी उठल्या, काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, “पैसे ज्याच्या हातात, त्याला इचार!” मग दुकानदार झालेल्या मुलाने त्यांना काय उत्तर द्यायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. खरं नाटक तिथून सुरू झालं. सूत्रसंचालन गटातल्याच मोठ्या मुलीकडे द्या. तिने उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं: “हे चालेल का? उद्या खरंच करता येईल का?”

त्यानंतर

दोन दिवसांत सगळे पुन्हा बसा. हिशेब मुलांसमोर मांडा, पावत्यांसकट. कोणाला काय आवडलं नाही ते आधी विचारा. बोलणं जड जात असेल तर चित्र काढू द्या किंवा पुतळा करू द्या. प्रयोगानंतर घरी किंवा शाळेत कोणाला काही ऐकून घ्यावं लागलं का, हे एकेकट्याला विचारा आणि त्या घरी जाऊन या.

स्पर्धेत उतरायचं का, हा प्रश्न येतोच. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेबरोबर दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते, आणि तिच्यामुळे अनेक विशेष शाळांतल्या मुलांना मोठा रंगमंच मिळाला आहे. पण तुमचा गट मिश्र असेल तर कोणत्या गटात अर्ज करायचा इथपासून अडचण सुरू होते, आणि बक्षिसासाठी ‘बरी’ मुलं पुढे काढायचा मोह कोणालाही होतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी स्पर्धा नको. त्याऐवजी तोच प्रयोग दुसऱ्या दोन-तीन वस्त्यांत करा.

त्यासाठी टेम्पो ठरवताना फक्त सामानाचा विचार करू नका. व्हीलचेअर चढवायला मागचं फाळकं खाली उतरणारा टेम्पो मागा, उताराची फळी सगळ्यांत शेवटी चढवा म्हणजे उतरताना ती पहिली हाताशी येईल, आणि ज्या वस्तीत जाणार आहात तिथली जागा, स्वच्छतागृह आणि परतीचा रस्ता गटातल्या दोघातिघांनी आदल्या दिवशी जाऊन पाहून यावा.